बरं वाटलं की वहीत लिहा : गुणांवर उभी असलेली थेरपी कशी करायची, एकेक पायरी

"तुमच्यात चांगलं काय आहे ते सांगा" म्हटलं की आमचा इंदूरचा मराठी माणूस एकदम गप्प होतो. दोष विचारा, धडाधड सांगेल. मागे टिळकनगरचे एक रिटायर्ड काका आले होते, त्यांनी रागीट आहे, हट्टी आहे, शुगर आहे, झोप नाही, मुलांशी पटत नाही असं सगळं दोन मिनिटांत मोजून दाखवलं आणि चांगलं काय म्हटल्यावर बायकोकडे बघायला लागले. ती जरा विचार करून म्हणाली, "भाजी छान निवडून आणतात." काका हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच. ते भाजीचं उत्तर मी फाइलीत सगळ्यात वर लिहिलं.

मी काउन्सेलर आहे, बारा-तेरा वर्षं झाली, येणारी माणसं बहुतेक रामबाग, लोकमान्यनगर, सुखलिया अशा भागातल्या मराठी घरांतली. (इथे ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत.) हे लिहायला बसले कारण माणसातल्या चांगल्यावर, त्याच्या गुणांवर काम करायची ही पद्धत म्हणजे व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं सूर्योदयाचं चित्र आणि खाली "सकारात्मक रहा" असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. पी हळद आणि हो गोरी असं तर अजिबातच नाही, यात रोज वही लिहावी लागते आणि पहिले पंधरा दिवस कंटाळा येतो.

थोडं मागचं सांगते, मग कामाला लागू. १९९८ साली मार्टिन सेलिगमन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांनी मुद्दा लावून धरला की आपण आजारच मोजत बसलोय, माणूस बरा कशाने राहतो हे कोण बघणार. पुढे २००६ मध्ये त्यांनी तय्यब रशीद आणि अकेशिया पार्क्स यांच्यासोबत पॉझिटिव्ह सायकोथेरपीचे प्रयोग मांडले. पण मला स्वतःला जास्त उपयोगी पडलं ते इटलीतल्या बोलोन्याच्या मानसोपचारतज्ज्ञ जिओव्हानी फावांचं काम, त्याला वेल-बीइंग (म्हणजे बरं असणं) थेरपी म्हणतात. त्यांचा प्रश्न साधा होता : डिप्रेशनची लक्षणं गेली, गोळ्या बंद झाल्या, तरी माणूस पुन्हा पुन्हा का कोसळतो? १९९८ च्या त्यांच्या एका अभ्यासात वारंवार डिप्रेशन येणारे आणि औषधांनी बरे झालेले ४० जण होते, अर्ध्यांना विचारांवर काम करणारी थेरपी आणि तिच्यातच ही वेल-बीइंगवाली दिली, अर्ध्यांना नुसती नेहमीची डॉक्टरी देखरेख. दोन वर्षांत पहिल्या गटातले २५ टक्के पुन्हा आजारी पडले, दुसऱ्यातले ८० टक्के. आकडा बघून हुरळून जाऊ नका, माणसं फक्त ४० आणि थेरपी मिश्र, त्यातलं किती श्रेय कशाचं ते वेगळं काढता येत नाही. तरी दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आधी हे बघा

दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलंय, कशातच मन नाही, मरणाचे विचार येतायत, आवाज ऐकू येतात, दारू सुटत नाही किंवा घरात मारहाण चालू आहे, असं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालतो. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, फावांच्या अभ्यासातही त्या डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी केल्या होत्या. आणि मारहाण होणाऱ्या बाईला "तुमचे गुण शोधा" सांगणारा माणूस भेटला तर तिथून उठा. आधी सुरक्षित जागा लागते, गुणांचं नंतर बघू.

पायरी १ : एक पान, पण विशेषणं नकोत

पहिलं काम म्हणजे स्वतःबद्दल साधारण ३०० शब्द लिहायचे, आपण जेव्हा चांगले वागलो अशा एका प्रसंगाचे. सुरुवात, मध्य, शेवट असलेली खरी गोष्ट. "मी प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ" असलं लग्नाच्या बायोडेटासारखं नको.

आता इथेच आपली गाडी अडते. लहानपणापासून ऐकलेलं असतं की स्वतःची टिमकी वाजवू नये, फुशारकी मारू नये, दुसऱ्यांनी म्हटलं पाहिजे. ट्रेनिंगमध्ये मी स्वतः हे पान लिहायला बसले तर चार ओळींत संपलं आणि त्यातली एक ओळ आईबद्दल होती. मग मला जी युक्ती सुचली ती मी सगळ्यांना सांगते, "मी" ऐवजी तिसऱ्याच माणसाबद्दल लिहितोय असं समजून लिहा. "राजवाड्याजवळ पाऊस आला, ती दुकानाच्या पायरीवर उभी होती, शेजारी एक म्हातारे आजोबा रस्ता चुकलेले..." असं. गोष्ट सांगायला आपल्याला लाज नाही वाटत, लाज फक्त विशेषणांची वाटते. गोष्ट पूर्ण झाली की घरातल्या एकाला वाचून दाखवा आणि त्यालाच विचारा, यात तुला काय दिसतं. त्याने सांगितलेले शब्द पानाच्या खाली लिहून ठेवा, वाद घालू नका.

पायरी २ : बरं वाटल्याची डायरी

ही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश सांगते. नेहमीच्या थेरपीत आपण वाईट वाटल्याचे प्रसंग लिहितो. फावांनी उलटं केलं, बरं वाटल्याचे लिहायला लावले, कितीही छोटे असोत. बरेच पेशंट म्हणतात माझं पान कोरंच राहणार आणि ते कोरं सहसा राहत नाही, कारण बरं वाटलेले क्षण येतात, फक्त लक्षात राहत नाहीत.

साधी ४० पानी वही घ्या, मोबाइल नको, मोबाइलमध्ये लिहायला गेलं की माणूस रीलवर पोचतो. तीन गोष्टी लिहायच्या : कुठे होतो आणि काय चाललं होतं, काय वाटलं, आणि ० ते १०० मध्ये किती. १०० म्हणजे आयुष्यात वाटू शकेल तेवढं सगळ्यात छान. रात्री आठवून नाही, जमेल तितकं लगेच, कारण रात्रीपर्यंत दिवसभराच्या कटकटीचा रंग सगळ्यावर चढतो.

रामबागच्या एका काकूंची वही त्यांच्या परवानगीने सांगते. यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगा पुण्याला. पहिले तीन दिवस नुसती तारीख. चौथ्या दिवशी असं : "मंगळवार, सकाळी ७.१०. पोहे वाफवायला ठेवले, झाकण काढलं, बडीशेपेचा वास आला. ६०." बस, एवढंच. इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेवर फुललेले पिवळे पोहे, वरून शेव, जीरावण, तो वास आला की माणूस क्षणभर तरी जागेवर येतोच. काकू मला म्हणाल्या, "हे काय लिहायचं असतं का हो?" म्हटलं हेच लिहायचं असतं.

आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे, नुसतं लिहा. काही सुधारायला जाऊ नका. दिवसाला एक नोंद झाली तरी चालेल.

पायरी ३ : ते बरं वाटणं तोडलं कोणी

आता चौथा रकाना काढा. बरं वाटत होतं ते कशाने संपलं? फोन आला, दूध उतू गेलं, ते सोडा. आपल्याला विचार हवाय, डोक्यात आलेलं वाक्य, आलं तसंच, सुधारून नाही. काकूंच्या पोह्यांपुढे दुसऱ्या आठवड्यात रकाना भरला : "एकटीसाठी एवढा घाट कशाला." आणि आकडा ६० वरून २०.

मला या पायरीवर नेहमी वाटतं की फावा मराठी घरात जन्मले असते तर त्यांना हे शोधायला एवढा वेळ लागला नसता. आपल्याकडे आनंद तोडायची सोय घराघरात आहे. पोर खूप हसायला लागलं की आजी म्हणते, "फार हसू नको, नंतर रडावं लागेल." नवीन गाडी आली, लिंबू-मिरची आधी. बाळ गुबगुबीत झालं, कोणी बोललं की मीठ-मोहऱ्या ओवाळा. मी दृष्ट काढण्याच्या विरोधात नाहीये, माझ्या मुलाची माझ्या सासूबाई काढायच्या आणि मला ते आवडायचं. पण तीच सवय आत बसली की बरं वाटायला लागल्याबरोबर माणूस स्वतःच स्वतःवर पाणी ओततो, "आता काहीतरी वाईट होणार", "हे माझ्या नशिबात टिकणार नाही", "लोक काय म्हणतील, नवरा जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि ही नाटकाला गेली". शेवटचं काकूंचंच आहे, बरं का. एका मैत्रिणीने आग्रह करून मराठी नाटकाला नेलं होतं, मध्यंतरापर्यंत ७५ आणि मग ओळखीचं कोणीतरी दिसलं.

अशी दहा-बारा वाक्यं जमली की वही परत वाचा. बहुतेक सगळ्यांची दोन किंवा तीनच वाक्यं असतात, कपडे बदलून येतात. ती लाल पेनने गोल करा.

पायरी ४ : बाहेरून बघणारा माणूस

पाचवा रकाना. त्या वाक्याला एखादा समंजस, बाहेरचा माणूस काय म्हणेल ते लिहायचं. थेरपिस्ट असेल तर तुम्ही दोघं मिळून लिहा, नसेल तर एखादं खरं माणूस डोळ्यांसमोर आणा. काकूंनी त्यांची वारलेली नणंद निवडली, फटकळ होती म्हणे. तिच्या तोंडचं वाक्य : "एकटीसाठी म्हणजे? तू माणूस नाहीस का?" हे मी दिलं असतं तर पुस्तकी वाटलं असतं.

इथे एक चूक सर्रास होते. पाचव्या रकान्यात गोड वाक्य लिहून टाकायचं, "सगळं छान होईल". नाही. पुरावा बघा. नाटकाला ओळखीचं जे माणूस दिसलं ते खरंच काही बोललं का? काकूंनी दोन दिवसांनी त्या ओळखीच्या बाईला फोन केला, तर तिला काकू दिसल्याच नव्हत्या. कधीकधी पुरावा तुमच्या विरुद्धही निघतो, एखाद्याच्या वहिनी खरंच बोललेल्या असतात, मग काम वेगळं, वहिनी बोलल्या म्हणून आपलं ७५ चं २० व्हायलाच पाहिजे का, हा प्रश्न.

सोबत रोज थोडा वेळ, अगदी वीस मिनिटं, ज्याने आकडा वर गेला होता ते मुद्दाम करायचं. होमवर्क म्हणून, मूड असो नसो.

पायरी ५ : गुण ओळखणं आणि त्याचा अतिरेक

२००४ मध्ये क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिगमन यांनी २४ गुणांची यादी केली, सहा गटांत. कुतूहल, चिकाटी, खरेपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, टीमवर्क, क्षमा, विनोद, आशा, सौंदर्याची जाण वगैरे. नम्रपणाही त्यात आहे, त्यामुळे "माझ्यात काही विशेष नाही हो" म्हणणाऱ्याला एक गुण बसल्या जागी मिळाला! नेटवर याची फुकट टेस्ट आहे, करा हवी तर, पण पायरी १ चं पान आणि वही हातात असेल तर टेस्टशिवायही कळतं. जे करताना दमायला होत नाही, जे केल्याशिवाय राहवत नाही आणि जे घरचेही ओळखतात, असे चार-पाच निवडा.

मग आठवडाभर त्यातला एक गुण रोज नव्या ठिकाणी वापरा. ते भाजीवाले काका आठवतात? आम्ही दोघांनी मिळून शोधलं की भाजी छान आणणं म्हणजे बारकाईने बघणं, घाई न करणं आणि भाजीवाल्याशी दोन शब्द बोलणं. म्हणजे स्वतःला रागीट म्हणवणारा माणूस मंडईत शांत होता. तोच माणूस नातवाच्या गणिताच्या वहीवर बसवला, त्याच नजरेने, त्याच बोलण्याने. आधी तिथे नुसता आरडाओरडा व्हायचा. पहिले दोन दिवस झालाच, तिसऱ्या दिवशी कमी झाला.

२००५ च्या एका ऑनलाइन अभ्यासात असं दिसलं की आपले ठळक गुण आठवडाभर नव्या तऱ्हेने वापरणं आणि रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणासकट लिहिणं, या दोन्हींचा परिणाम सहा महिने टिकला. कृतज्ञतेचं पत्र नेऊन वाचून दाखवणाऱ्यांना सुरुवातीला सगळ्यात जास्त छान वाटलं पण ते महिनाभरच राहिलं. मला हे फार पटतं, घरातल्या समारंभांचंही असंच असतं.

गुण जास्त झाला की त्याचाच त्रास होतो हे मात्र कोणी सांगत नाही. दयाळू बाई घरातल्या सगळ्यांचे डबे करून स्वतः उभ्याने जेवते. खरेपणाच्या नावाखाली माणूस चारचौघांत तोंडावर बोलतो. प्रत्येक निवडलेल्या गुणापुढे लिहा, हा कुठे कमी पडतो, कुठे जास्त होतो. मिठासारखं आहे.

पायरी ६ : सहा खोल्या

कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये वेल-बीइंगचे सहा भाग मांडले, फावांची थेरपी त्यावरच उभी आहे : स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, रोजचा व्यवहार हाताळता येणं, वाढत राहणं, माणसांशी चांगली नाती, जगण्याला काही हेतू असणं आणि स्वतःला आहे तसं स्वीकारणं. मी पेशंटना सहा खोल्यांचं घर काढायला लावते आणि कोणत्या खोलीत दिवा लागत नाही ते विचारते. महिन्याभराची वही उघडली की उत्तर तिथेच असतं. काकूंच्या नोंदींत माणसं भरपूर, निर्णय एकही नाही, बँकेचं पासबुकसुद्धा मुलगा पुण्याहून बघायचा. मग त्या महिन्याचं काम ठरलं, पासबुक स्वतः भरून आणायचं. भीती वाटली, दोनदा अर्ध्यातून परत आल्या, तिसऱ्यांदा गेल्या आणि त्या दिवशीची नोंद ८० होती.

सगळ्या खोल्यांत हजार वॅटचा दिवा नको. ज्याला कोणाचीच गरज नाही असा स्वतंत्र माणूस शेवटी एकटाच बसतो.

पायरी ७ : घरच्यांचं काय करायचं

कृतज्ञतेचं पत्र आपल्याकडे अवघड जातं, आईला थँक्यू म्हटलं तर ती विचारते बरं आहे ना तुझं. म्हणून मी पत्राऐवजी प्रसंग सांगायला लावते, "तू त्या वर्षी माझी फी भरायला बांगडी मोडलीस ते मला माहीत होतं". धन्यवाद हा शब्दच लागत नाही.

दुसरं, हे जास्त कामाचं. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ च्या आसपास दाखवलं की कोणी आनंदाची बातमी आणली की आपण कसं उत्तर देतो यावर नातं बरंच अवलंबून असतं. मुलगी म्हणाली मला प्रमोशन मिळालं. "अच्छा" म्हणून टीव्ही बघणं, "म्हणजे आता रात्री उशिरा येणार" म्हणणं किंवा मध्येच स्वतःच्या मुलाच्या प्रमोशनचं सुरू करणं, हे तिन्ही आपल्याकडे दर घरात चालतं. त्याऐवजी दोन-तीन प्रश्न विचारा, कधी कळलं, कोणी सांगितलं, तुला काय वाटलं. सगळ्यात आधी कोणाला फोन केलास हेही चालेल. आठवड्यातून तीनदा जमलं तरी पुरे.

थेरपिस्टकडे जाणार असाल तर

वेल-बीइंग थेरपी सहसा ८ ते १२ सेशनची असते, पॉझिटिव्ह सायकोथेरपीचा मूळ आराखडा १४ चा. पहिल्याच भेटीत सरळ विचारा की शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का. काउन्सेलर म्हणून पाटी कोणीही लावू शकतो, मीही काउन्सेलरच आहे म्हणून सांगतेय. वही सोबत घेऊन जा. जो तुमचं दुःख ऐकूनच घेत नाही आणि लगेच "चांगली बाजू बघा" म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, या पद्धतीतही त्रासाला जागा आहे, फक्त सगळी जागा त्याला द्यायची नाही. सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर तसं सांगा, पद्धत बदलता येते, कोणाला औषध लागतं, कोणाला दोन्ही.

आणि वहीत मधले चार दिवस राहून गेले तर ते भरत बसू नका, आजची तारीख टाकून पुढे लिहा. काकूंच्या वहीत २७ ऑक्टोबरनंतर सरळ ९ नोव्हेंबर आहे. मध्ये दिवाळी होती, मुलगा-सून आले होते, आणि त्या दोन तारखांच्या मधल्या पानावर चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहिलंय, चार माणसांचं.